ओसरीवरून : फुकटाचें मोल

मराठी गृहस्थाच्या तोंडीं 'फुकट' हा शब्द दोन अर्थांनीं येतो. मोल न देतां मिळालें तें फुकट, आणि मोल देऊनहि ज्याचें फळ पदरीं पडलें नाहीं तेंहि फुकट. पहिल्या अर्थीं हा शब्द आपणांस प्रिय असतो, दुसऱ्या अर्थीं अप्रिय; परंतु एकाच वस्तूस तो दोन्ही अर्थांनीं लावला जातो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. या महिन्याच्या लेखाचा विषय अशीच एक वस्तु आहे. संगणकाच्या आज्ञावल्या रचणारे तरुण, ज्यांस घरोघरीं 'सॉफ्टवेअरमधले' म्हणतात, ते सुटीच्या दिवशीं, पदरमोड करून, स्वतःच्या हिंमतीवर आपलीं संमेलनें भरवितात. तेथें वक्त्यास बिदागी नसते आणि कार्यकर्त्यास वेतन नसतें. त्या संमेलनांचा हेतु काय, रीत काय, आणि एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींनीं त्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आमचें सिन्नर हें पुणें-नाशिक हमरस्त्यावरचें गांव. एके काळीं तें विड्यांच्या कारखान्यांसाठीं ओळखलें जाई. पुढें मुसळगांवची सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, माळेगांवचें औद्योगिक क्षेत्र झालें, आणि आतां येथील कितीतरी मुलें पुण्यास हिंजवडीकडे अथवा बंगळूरास संगणकाच्या कामावर आहेत. सणावारीं तीं घरीं आलीं म्हणजे ओसरीवर एक संवाद हमखास ऐकूं येतो. नातू सांगतो, "पुढच्या शनिवार-रविवारीं संमेलन आहे, मला येतां यावयाचें नाहीं." आजोबा विचारतात, "कचेरीचें काम का?" "नाहीं, आमचें आपलेंच." "मग कांहीं मिळतें का?" "छे! नोंदणीचे पैसे मलाच भरावयाचे आहेत." एवढें ऐकून काकू आंतून म्हणतात, "म्हणजे आठवडाभर राबायचें आणि सुटीचे दोन दिवसहि फुकट घालवायचे!" येथें संवाद खुंटतो. मुलास नीट उत्तर देतां येत नाहीं, आणि वडील माणसांस नीट प्रश्न विचारतां येत नाहीं. दोघांच्या मधली ही जागा भरून काढण्याचा आमचा यत्न आहे.

प्रथम मूळ वस्तु समजून घेऊं. आज्ञावली म्हणजे संगणकानें काय करावें हें क्रमवार लिहून ठेवलेली आज्ञांची मालिका. ती दोन तऱ्हांनीं दिली जाते. एक वैद्य रोग्यास पुडी देतो, पण तींत काय आहे तें सांगत नाहीं. दुसरा वैद्य औषधाचे घटक, त्यांचें प्रमाण, भावना किती द्यावयाच्या, हें सर्व लिहून देतो. एवढेंच नव्हे, तर दुसऱ्या कोणीं त्यांत सुधारणा केल्यास आनंद मानतो. पहिल्या वैद्याचें औषध गुणकारी असेलहि, पण वैद्य गेला कीं औषध गेलें. दुसऱ्याचें औषध चार वैद्य तपासतात, चूक असल्यास दाखवितात, आणि पिढ्यान् पिढ्या तें सुधारत जातें. या दुसऱ्या तऱ्हेच्या आज्ञावल्यांस 'मुक्त' म्हणतात.

या मुक्तपणास कायद्याचें रूप देण्याचा मान रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाकडे जातो. १९८३ सालीं त्यांनीं आपल्या कार्याची घोषणा केली आणि १९८९ सालीं एक परवाना-पत्र सिद्ध केलें. त्याचा आशय थोडक्यांत असा : ही आज्ञावली घ्या, वापरा, तपासा, बदला, दुसऱ्यास द्या, हवें तर विकाहि. मात्र जो हक्क तुम्हांस मिळाला तोच पुढच्यास द्या. घेतलेलें कुलुपांत घालूं नका. आपल्या हातांतील अँड्रॉइड दूरध्वनीच्या तळाशीं जी लिनक्स नामक प्रणाली आहे, ती १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें आरंभिली, आणि ती याच परवान्याखालीं आहे. जगांतील दर शंभर संकेतस्थळांपैकीं चाळिसांहून अधिक ज्या वर्डप्रेस नामक प्रणालीवर उभीं आहेत, तिचाहि परवाना हाच. ज्यास आपण 'फुकट' म्हणतों तें आपल्या घरांत असें अहोरात्र चालूं आहे. दूरध्वनीवर पंचांग पाहणाऱ्या आजीसहि त्याचा लाभ होतो; मात्र तें कोणीं केलें, हें आपण विचारीत नाहीं.

आतां संमेलनाकडे वळूं. हीं माणसें जगभर विखुरलेलीं असतात, आणि त्यांचें काम बहुशः पत्रोपत्रीं चालतें. तेव्हां एकदां तरी समोरासमोर बसावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. पायथन या भाषेचें उदाहरण घ्या. नांवावरून अजगर आठवतो, पण तें ठेवलें गेलें एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. १९८९ च्या नाताळांत गिदो फान रोसम या डच गृहस्थानें ती भाषा रचावयास घेतली. तिच्या जाणत्यांची पहिली बैठक १९९४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत भरली, तेव्हां सुमारें वीसच मंडळी जमली होती. 'पायकॉन' या नांवाचें पहिलें मोठें संमेलन २००३ सालीं वॉशिंग्टन येथें झालें. हिंदुस्थानांतील पहिलें पायकॉन २००९ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत भरलें, आणि २०११ च्या सप्टेंबरांत तें पुण्यास आलें. त्या वेळीं रेमंड हेटिंगर यांच्यासारखे पायथनचे नामांकित रचनाकार प्रमुख वक्ते म्हणून आले होते. तत्पूर्वींच, २००३ पासून, पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेंतील संगणकशास्त्राचे विद्यार्थी 'ग्नुनिफाय' नांवाचा मेळावा वर्षानुवर्षें भरवीत आले. वर्डप्रेसचें पहिलें संमेलन २००६ च्या ऑगस्टांत सॅन फ्रान्सिस्को येथें झालें. पुढें पुणें, मुंबई, नागपूर आणि २०१६ सालीं नाशिक येथेंहि तें भरलें. २०२४ सालीं कोल्हापुरास भरलें. संपूर्ण आशिया खंडाच्या संमेलनासाठीं २०२६ या वर्षाकरितां मुंबईची निवड झाली. म्हणजे हा परदेशांतील कोणा हौशी लोकांचा खेळ नसून, सिन्नराहून तीस किलोमीटरवर येऊन गेलेली गोष्ट आहे.

या संमेलनांची रीत पाहण्यासारखी आहे. आपणांस संमेलन म्हटलें कीं साहित्यसंमेलन आठवतें. १८७८ सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यास ग्रंथकारांचें संमेलन भरलें, त्याचा हा वंशविस्तार. नाशकास १९४२ सालीं आचार्य अत्रे अध्यक्ष होते आणि २०२१ सालीं डॉ. जयंत नारळीकर. तेथें अध्यक्ष असतो, आणि अध्यक्षपद आलें कीं अध्यक्षपदावरील वाद आलाच. आज्ञावलीकारांच्या संमेलनास सहसा अध्यक्षच नसतो. कांहीं महिने आधीं एक निवेदन प्रसिद्ध होतें : ज्यास कांहीं सांगावयाचें असेल त्यानें आपल्या विषयाचा सारांश पाठवावा. पदवी विचारीत नाहींत, वय विचारीत नाहींत. आलेले सारांश कांहीं जाणते तपासतात, आणि कित्येक ठिकाणीं तर पाठविणाऱ्याचें नांव झांकून तपासतात, म्हणजे नामांकिताचा दबाव नको व नवख्याचा संकोच नको. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर नांवाऐवजीं क्रमांक कां असतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या रीतीचें मर्म निराळें सांगावयास नको.

मुख्य व्याख्यानें अर्ध्या-पाऊण तासाचीं असतात. त्यांखेरीज पांच-पांच मिनिटांचीं लघुभाषणें असतात. त्यांकरितां त्याच दिवशीं फळ्यावर नांव लिहावें, पांच मिनिटें बोलावें, वेळ संपली कीं घंटा वाजते व वक्ता कितीहि मोठा असला तरी खालीं उतरतो. आमच्या सार्वजनिक व्याख्यानमालांनीं ही एवढी घंटा जरी उसनी घेतली तरी श्रोते दुवा देतील. व्यासपीठावरून आपल्या मालाची जाहिरात करण्यास मज्जाव असतो. वर्गणी कमी ठेवतात. उरलेला खर्च आश्रयदात्या कंपन्यांकडून येतो. त्यांचीं नांवें फलकांवर लागतात व त्यांस बाहेर मांडव मिळतो. परंतु व्याख्यानाची जागा पैशानें मिळूं नये, असा दंडक चांगलीं संमेलनें पाळतात. अमेरिकेंतील पायकॉनमध्यें तर दीर्घकाळ असा नियम होता कीं, नोंदणीशुल्क सर्वांनीं भरावें. श्रोत्यानें भरावें, वक्त्यानें भरावें, आणि संमेलन भरविणाऱ्यानेंहि भरावें. यजमानानेंहि वर्गणी द्यावयाची, मग मानापमान उरतो कोठें?

व्याख्यानांचीं ध्वनिचित्रमुद्रणें पुढें सर्वांस विनामूल्य पाहावयास ठेवतात. मग प्रत्यक्ष जावयाचें कशास, असा प्रश्न येईल. जाणते सांगतात कीं खरें संमेलन दालनाबाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर घडतें. तेथें चार जण उभे राहून बोलत असतात. आणि त्यांच्यांत एक सुंदर संकेत रूढ आहे. गोल करून उभे राहिल्यास एका माणसापुरती जागा मोकळी ठेवावयाची, म्हणजे कोणी नवखा एकटा उभा असेल तर त्यास आंत येतां यावें. तो आला कीं पुन्हां थोडें सरकून दुसऱ्यासाठीं जागा करावयाची. एका जुन्या खेळांतील, तोंड उघडें असलेल्या गोल आकृतीवरून या संकेतास नांव पडलें आहे. पंगतींत उशिरा आलेल्यासाठीं आपणहि सरकून बसतों. मात्र आपल्या पंगतींत कोणी बसावें व कोणी बसूं नये हें आधींच ठरलेलें असे. आपल्या घराण्यांनीं विद्या जपली याचा अभिमान सांगतांना, ती कोणकोणाच्या कानांपर्यंत पोंचूं दिली नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें आठवलें पाहिजे. नातवंडें ज्या वर्तुळांत उभीं राहतात त्यांत ही मोकळी जागा आहे, ही गोष्ट आपणांस लहान वाटूं नये.

शेवटचा दिवस बहुधा कामाचा असतो. त्या दिवशीं भाषणें नाहींत. मंडळी मेजांभोंवतीं बसतात आणि जी आज्ञावली सर्व वापरतात तींतील चुका दुरुस्त करतात, तिचीं माहितीपत्रकें लिहितात, भाषांतरें करतात. नवख्याच्या शेजारीं एक जाणता बसतो. नवख्यानें केलेली पहिली दुरुस्ती, मग ती एका अक्षराची असो, मान्य झाली म्हणजे त्या आज्ञावलीच्या इतिहासांत त्याचें नांव कायमचें नोंदलें जातें. ही नोंदवही फार काटेकोर असते. कोणती ओळ कोणीं, कोणत्या दिवशीं, कशासाठीं लिहिली, हें वीस वर्षांनींहि काढून पाहतां येतें. यादवकालीन गोंदेश्वराचें मंदिर आम्ही नेहमीं पाहतों. त्या शिखरावरची प्रत्येक नक्षी कोणा ना कोणा पाथरवटाच्या हातची आहे, पण एकाचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. आजच्या पाथरवटांचीं नांवें राहतात, हा काळाचा उपकारच म्हणावयाचा.

येथवर चांगली बाजू झाली. शंकाहि घेतल्या पाहिजेत, कारण शंकेवांचून मंडन होत नाहीं. पहिली शंका अशी कीं, हें सारें नोकरी मिळविण्याचें निमित्त नव्हे काय? कांहीं अंशीं आहे. मांडवांत कंपन्यांचे लोक माणसें हेरण्यासाठीं बसलेले असतात, आणि आपली ओळख वाढावी हा हेतु कित्येकांच्या मनांत असतो. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. गुरुकुलांतून बाहेर पडलेला स्नातकहि राजाश्रय पाहतच असे. दुसरी शंका अधिक खोल आहे : एकानें निरपेक्ष काम करावें आणि दुसऱ्यानें त्यावर इमले बांधावेत, हा न्याय काय?

ही शंका काल्पनिक नाहीं. वर्डप्रेस २००३ सालीं मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनीं, मिशेल वाल्द्रिगी नामक फ्रेंच रचनाकाराच्या आधींच्या कामावरून उभें केलें. पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं त्यांत भर घातली. २०२४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें भरलेल्या संमेलनांत खुद्द मुलनवेग यांनीं व्यासपीठावरून एका मोठ्या कंपनीवर उघड टीका केली. त्यांचें म्हणणें असें कीं, डब्ल्यू-पी इंजिन ही कंपनी वर्डप्रेसवर अफाट पैसा मिळविते, पण परत फारच थोडें देते. कंपनीचें उत्तर असें कीं, नांवाच्या हक्काची सबब सांगून आपल्याकडून पैसे उकळण्याचा हा डाव आहे. ऑक्टोबरांत ती न्यायालयांत गेली, आणि डिसेंबरांत न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें अंतरिम मनाई हुकूम दिला. एखाद्या घराण्यांतील भाऊबंदकी चव्हाट्यावर यावी तसा हा प्रकार झाला. या वादांत कोणाचें किती खरें, याचा निवाडा न्यायालय करील. परंतु स्वयंसेवकांस मात्र एक प्रश्न प्रथमच टोंचला : ज्या घरासाठीं आपण विटा वाहिल्या, त्याची किल्ली कोणाच्या कनवटीस आहे?

या वादापासून घ्यावयाचा बोध 'म्हणून कोणीं फुकट काम करूं नये' हा नव्हे. सहकारी वसाहतीच्या गांवांत राहणाऱ्यांस तरी तो बोध पटूं नये. सहकाराचा नियम असा कीं, सभासदानें कामहि करावें आणि हिशेबहि मागावा. जो केवळ काम करतो व हिशेब मागत नाहीं, तो भोळा. जो हिशेब मागतो व काम करीत नाहीं, तो भांडखोर. संमेलनास जाणाऱ्या आपल्या मुलांस आपण हें विचारूं शकतों कीं, बाबांनो, तुमच्या संस्थेची घटना काय, पैसा कोणाच्या नांवें जमा होतो, उरला तर कोठें जातो? आपण आयुष्यभर शाळेच्या, वाचनालयाच्या, पतपेढीच्या समित्यांवर बसलों. हे प्रश्न आपणांस त्यांच्यापेक्षां चांगले विचारतां येतात.

आतां दुसऱ्या टोंकाची एक कथा सांगतों. कारण काम करणारे एकटे पडले म्हणजे काय होतें, हें तीवरून कळतें. 'एक्स-झेड' नांवाची एक लहानशी आज्ञावली आहे. माहितीचा आकार आवळून लहान करणें एवढेंच तिचें काम. पण जगांतील असंख्य मोठ्या यंत्रांत ती वसलेली आहे. फिनलंडमधील एक गृहस्थ ती वर्षानुवर्षें जवळजवळ एकट्यानें, विनावेतन सांभाळीत होते. ते थकले. २०२१ पासून 'जिया टॅन' असें नांव धारण करणारा कोणी एक त्यांस मदत करूं लागला. त्याच सुमारास निराळ्या अनोळखी नांवांनीं पत्रें येऊं लागलीं कीं, काम फार मंद चाललें आहे, दुसऱ्या कोणास अधिकार द्या. शेवटीं अधिकार दिला गेला. दोन-अडीच वर्षें त्या मदतनिसानें निमूटपणें उत्तम काम केलें, सर्वांचा विश्वास संपादला, आणि २०२४ च्या आरंभीं त्या आज्ञावलींत एक चोरदार ठेवून दिलें. तें जगभर पसरलें असतें तर अगणित यंत्रांच्या किल्ल्या परक्या हातीं गेल्या असत्या. आंद्रेस फ्रॉइंड या एका तज्ज्ञास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असें जाणवलें. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यानें दिलें, खोदून पाहिलें, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व जगास सावध केलें.

या कथेंत दोन धडे आहेत. घटक उघड लिहिलेले असल्यामुळें चोरी सांपडूं शकली, हा पहिला. बंद पुडींतील विष इतक्या लौकर कळतें ना. दुसरा धडा आमच्या विषयाशीं अधिक निगडित आहे. ज्याच्या हातीं किल्ली दिली, त्या माणसास कोणीं कधीं डोळ्यांनीं पाहिल्याचें पुढें आलें नाहीं. संमेलनें भरविल्यानें असे सर्व घात टळतील असें म्हणणें धाडसाचें होईल. चोर संमेलनासहि येऊं शकतो. परंतु वर्षांतून एकदां समोरासमोर बसणाऱ्या माणसांत, सांभाळणारा थकला आहे हें कोणाच्या तरी ध्यानांत येतें, आणि कोणी तरी म्हणतो, "तूं थोडा थांब, मी घेतों." एकत्र कुटुंबाचा जो गुण आपण सांगतों तो हाच नव्हे काय?

ओळखीचें हें मोल कांहीं संस्थांनीं फार पूर्वींच जाणलें. १९९३ सालीं स्थापन झालेल्या डेबियन नामक समुदायांत अशी चाल आहे कीं, दोघे स्वयंसेवक भेटले म्हणजे परस्परांचीं ओळखपत्रें पाहतात आणि 'हा माणूस तोच आहे' अशी आपल्या सांकेतिक सहीची साक्ष एकमेकांस देतात. खतावर साक्ष घालणारा गृहस्थ लिहून देणाऱ्यास ओळखत असला पाहिजे, हा आपला जुना दंडक. त्याचेंच हें नवें रूप. या समुदायाचें वार्षिक जागतिक संमेलन २०२३ च्या सप्टेंबरांत कोची येथें भरलें होतें.

मुली-सुनांच्या घरीं आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे : तेथें वातावरण कसें असतें? चांगल्या संमेलनांत वर्तनाचे नियम लेखी जाहीर करतात, आणि तक्रार कोणाकडे करावी त्याचें नांवहि जाहीर असतें. स्त्रियांनीं स्त्रियांस हात द्यावा म्हणून पायथनच्या जाणत्या स्त्रियांनीं २०११ सालीं लॉस एंजेलिस येथें 'पायलेडीज' ही संस्था काढली; तिच्या शाखा देशोदेशीं निघाल्या. नियम लिहिले म्हणजे ते पाळले जातातच असें नाहीं, हें खरें. म्हणून पाठवितांना नियम वाचावेत. पण न पाठविण्यास तें निमित्त होऊं नये. पुत्रास जी वाट मोकळी, ती कन्येस बंद ठेवणारें घर सुशिक्षित म्हणवून घेण्यास पात्र नाहीं.

आतां जो मुद्दा आमच्या फार जिव्हाळ्याचा आहे, तो सांगून हा लेख आटोपतों. कामाच्या दिवशीं एका मेजाभोंवतीं भाषांतरकार बसतात. संगणकाच्या पडद्यावर जें मराठी दिसतें तें आकाशांतून पडत नाहीं. वर्डप्रेसचें मराठी असेंच स्वयंसेवकांनीं ओळ-ओळ करून घडविलें आहे. एकानें भाषांतर सुचवावयाचें, दुसऱ्या अधिकारी स्वयंसेवकानें तपासून मान्य करावयाचें. तेथें रोज प्रश्न पडतात. 'पासवर्ड'ला संकेतशब्द म्हणावें, परवलीचा शब्द म्हणावें, कीं पासवर्डच ठेवावा? परवली हा शब्द आपल्या किल्ल्यांच्या पहाऱ्यावरचा, अर्थ तंतोतंत तोच. पण तरुणांस तो आठवत नाहीं, कारण त्यांस तो कोणीं सांगितला नाहीं.

शब्दांहून व्याकरणाचे प्रश्न अधिक नाजूक आहेत. यंत्राच्या वाक्यांत एक रिकामी जागा ठेवलेली असते, आणि त्या जागीं नांव आयतें येऊन बसतें. इंग्रजीस त्याची अडचण नाहीं. मराठींत मात्र विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वीं सामान्यरूप व्हावें लागतें; तें यंत्रास कळत नाहीं. मग 'पुण्यास' याऐवजीं 'पुणे ला', आणि 'नाशकांत' याऐवजीं 'नाशिक मध्यें' असा सुटा प्रत्यय पडद्यावर लोंबकळतो. यावर उपाय आहे. वाक्याची रचनाच अशी करावी कीं रिकाम्या जागेस प्रथमा विभक्ति यावी : 'शहर : पुणें'. तसेंच वापरणारा पुरुष कीं स्त्री हें यंत्रास ठाऊक नसतें. तेव्हां 'तो आला, ती आली' या पेंचांतून 'तुम्ही आलांत' म्हणून सुटतां येतें. हे उपाय सुचविण्यासाठीं संगणकाची भाषा यावी लागत नाहीं. मराठीचें व्याकरण यावें लागतें. तें ज्यांस येतें अशी पुष्कळ माणसें आमच्या पिढींत आहेत, आणि त्यांच्या दुपारी रिकाम्या आहेत.

शब्द घडविण्याचें काम या मातीस नवें नाहीं. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला. आमच्या शेजारच्या भगूरच्या सावरकरांनीं 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. त्यांनीं सुचविलेल्या शब्दांपैकीं कांहीं टिकले, कांहीं गळाले. शब्द टिकतो तो वापरानें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां पेढे वांटले गेले. पेढे वांटणें सोपें. परंतु अभिजात भाषेचें सामान्यरूप पडद्यावर रोज मोडत असतां तिचे जाणते ओसरीवर बसून हळहळत राहिले, तर दर्जाचा उपयोग काय?

आपल्या शास्त्रांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे; त्या ऋणांतील एक ऋषींचें. तें अध्ययनानें व अध्यापनानें फिटतें, पैशानें फिटत नाहीं. वेतन हा श्रमाचा मोबदला. पण ज्या मुक्त विद्येवर तें वेतन उभें आहे, तिचें ऋण वेतनांतून वजा होत नसतें. तैत्तिरीय उपनिषदानें स्वाध्याय आणि प्रवचन हीं सदैव जोडीनें उच्चारलीं आहेत, तीं उगाच नव्हेत. नातू सुटीच्या दिवशीं पदरचे पैसे भरून दुसऱ्यांस शिकवावयास जातो, तेव्हां आपण घरांत जें आजवर सांगत आलों तेंच तो करीत असतो. फक्त त्यास तीं नांवें ठाऊक नसतात.

तेव्हां वाचकांस विनंति एवढीच. पुढच्या वेळीं घरांतील मुलगा किंवा मुलगी अशा संमेलनास निघाली, तर 'फुकट' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तिला दोन प्रश्न विचारावेत : तेथें तूं काय शिकणार, आणि तेथें तूं काय देणार? पहिल्याचें उत्तर सर्वांपाशीं असतें. दुसऱ्याचें नसेल तर तेवढ्यापुरतें कान अवश्य धरावेत. असेल तर शिदोरी बांधून द्यावी. आणि ती परत आल्यावर तिच्या शेजारीं बसून पडद्यावरचें मराठी एकवार वाचून पाहावें. चार ओळींत एखादी चूक सांपडेलच. ती कशी दुरुस्त करावी व दुरुस्ती कोठें पाठवावी, हें ती सांगेल. त्या दुरुस्तीपुढें आपलें नांव लागेल, आणि आपल्या मागें तें तेथें राहील.